तरुण प्लेटलेट वेगळ्या मोजणारा सेल काउंटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये फ्लोरोसन्स चॅनेल (रंग लागलेल्या पेशींची चमक मोजणारी सोय) असलेला सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजणारे यंत्र, आला, त्यानंतर पावसाळ्यातील डेंग्यूचा हंगाम आम्ही त्यावरच काढला. जुने यंत्र केवळ पेशीच्या आकारमानावरून प्लेटलेट ओळखत असे. त्यामुळे मोठ्या प्लेटलेट मोजणीतून सुटत आणि लोहाच्या कमतरतेतील बारीक तांबड्या पेशी प्लेटलेटमध्ये जमा होत. नवे यंत्र आरएनएला चिकटणारा रंग वापरते. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते आणि अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर आलेल्या प्लेटलेटमध्ये आरएनए जास्त असल्याने त्या अधिक चमकतात. निरोगी माणसात त्यांचे प्रमाण साधारण 1 ते 7 टक्के असते.

या एका आकड्याचे मोल डेंग्यूत कळले. काउंट 40,000 वर अडून बसलेला आणि नातेवाईक पिशवी चढवण्यासाठी अधीर झालेले असताना तरुण प्लेटलेटचे प्रमाण वाढलेले दिसले, तर मज्जा कामाला लागली आहे आणि काउंट बहुधा एक-दोन दिवसांत वर येईल, असे डॉक्टरांना सांगता येते.

मात्र सॅम्पल किती जुने आहे, हे पाहावेच लागते. ईडीटीएमध्ये (ट्यूबमधले रक्त गोठू न देणारे रसायन) प्लेटलेट फुगतात, त्यामुळे जत किंवा आटपाडीच्या कलेक्शन सेंटरहून दुपारी पोहोचणाऱ्या ट्यूबमधील सरासरी आकारमान सकाळी इथेच काढलेल्या रक्ताशी ताडून पाहणे मला योग्य वाटत नाही. ईडीटीएमुळे गुठळ्या झाल्याची शंका आली, की आम्ही सायट्रेट हे दुसरे रसायन असलेल्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतो आणि त्यातील द्रवाने रक्त थोडे पातळ होत असल्याने आलेल्या काउंटला 1.1 ने गुणतो.

स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तर सोडूच नये. एका मुलाच्या रक्तात यंत्राने तरुण प्लेटलेटचे प्रमाण फार जास्त दाखवले होते. काचेवर मात्र जवळजवळ तांबड्या पेशीएवढ्या प्लेटलेट दिसल्या. आनुवंशिक महाकाय प्लेटलेट केवळ मोठ्या असल्यामुळेही यंत्राला तरुण वाटू शकतात. अशा वेळी प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील सीडी42बी, सीडी41 आणि सीडी61 ही प्रथिने पाहणारी फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरने तपासणारी चाचणी) हवी. ग्लान्झमन विकारात (प्लेटलेट एकमेकींना नीट न चिकटण्याचा आनुवंशिक विकार) तर काउंट आणि आकार दोन्ही सहसा ठीक असतात, त्यामुळे सेल काउंटरला काहीच खटकत नाही. प्लेटलेट उत्तेजित झाल्या आहेत का, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी सीडी62पी हे प्रथिन तपासावे लागते.

रंगाचे रिएजंट महाग असल्याने हे चॅनेल आम्ही काउंट एक लाखाखाली असेल किंवा यंत्राने फ्लॅग (शंकेचा इशारा) दिला असेल तरच चालवतो.