नागपुरात नव्या ईव्हीचा विमा : शोरूम, पोर्टल, कंपनी की एजंट?

नव्या इलेक्ट्रिक कारचा विमा नागपुरात चार वाटांनी घेता येतो: शोरूम, तुलना करून देणारं पोर्टल, कंपनीची स्वतःची वेबसाइट आणि एजंट. चारही कोट (प्रीमियमचे अंदाज) शेजारी ठेवले तर आकड्यांत मोठा फरक दिसतो. त्यातला बराचसा फरक फसवा असतो. एकाने आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम) कमी धरलेली असते, दुसऱ्याने अ‍ॅड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायची कव्हरं) गाळलेले असतात, तिसऱ्याने व्हेरिएंटच चुकीचं निवडलेलं असतं. म्हणून शोरूमकडून पहिल्यांदा 'इन्शुरन्स' या एका ओळीची फोड लेखी घ्या: थर्ड पार्टी (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं होणारं नुकसान), ओन डॅमेज (तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान), प्रत्येक अ‍ॅड-ऑनचा वेगळा प्रीमियम, आयडीव्ही आणि १८ टक्के जीएसटी. फोड मिळत नसेल तर त्या कोटची तुलना करण्यात अर्थ नाही.

थर्ड पार्टीवर घासाघीस होत नाही. तो दर सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. नव्या कारला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक कारसाठी ३० किलोवॉटपर्यंत ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॉटला ९,०४४ आणि त्यावर २०,९०७ रुपये आहेत. पेट्रोल-डिझेलच्या दरांतून १५ टक्के सूट वजा करून हे आकडे निघाले आहेत.

घोळ होतो तो इथेच. हे किलोवॉट मोटरच्या ताकदीचे आहेत, बॅटरीच्या क्षमतेचे नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या टाटा पंच ईव्हीचं उदाहरण घ्या. २५ किलोवॉट-अवर बॅटरीच्या गाडीची मोटर ६० किलोवॉटची, तर ३५ किलोवॉट-अवरवाल्या गाडीची ९० किलोवॉटची. गाडी दिसायला तीच, पण थर्ड पार्टीत ११,८६३ रुपयांचा फरक, जीएसटी धरून जवळपास १४ हजारांचा. कोट भरणाऱ्याने बॅटरीचे ३५ पाहून मधला गट निवडला तर कोट स्वस्त दिसतो आणि नंतर एन्डॉर्समेंट (पॉलिसीत दुरुस्ती) करून फरक भरावा लागतो. ब्रोशरमधला मोटरचा आकडा स्वतः वाचून सांगा.

खरी तफावत ओन डॅमेजमध्ये असते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये पुणे, मुंबई धरून आठ मोठी शहरं 'अ' झोनमध्ये आणि नागपूर 'ब' झोनमध्ये आहे. आपला मूळ दर पुण्यापेक्षा कमी पडतो. पोर्टलवर आरटीओ निवडताना एमएच-३१, एमएच-४९ किंवा ग्रामीणचा एमएच-४० यांपैकी जो लागू असेल तोच टाका. नोकरी पुण्यात आहे म्हणून सवयीने एमएच-१२ टाकलं की आकडा वाढतो.

नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते. १२ लाखांच्या गाडीला ११ लाख ४० हजार. पोर्टलवर सगळ्यात वर दिसणारा स्वस्त कोट १० लाखांच्या आसपासच्या आयडीव्हीवर उभा असेल, तर गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली की तो कमी प्रीमियम फार महाग पडतो. आयडीव्ही चारही ठिकाणी एकच भरा, मगच तुलना करा.

जुनी गाडी विकून ईव्ही घेणाऱ्यांनी नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट) विसरू नये. शोरूमच्या कोटमध्ये तो मागितल्याशिवाय बहुतेक शून्यच असतो. जुनी पेट्रोल कार विकल्याचे कागद जुन्या कंपनीला देऊन एनसीबी रिझर्व्हिंग लेटर (ही सूट राखून ठेवल्याचं पत्र) घ्या. ते तीन वर्षं चालतं. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्के सूट मिळते. थर्ड पार्टीवर किंवा अ‍ॅड-ऑनवर ती धरू नका.

आता बॅटरी. विमा निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण गाडीच्या किमतीचा मोठा वाटा तिचा असतो. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर यांच्या रांगेत बॅटरीवरही ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेल्या किमतीची कपात) आहे. म्हणजे दगडावर आपटून पॅक बदलावा लागला तर निम्मी किंमत तुमच्या खिशातून. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घ्याच, आणि त्याच्या शब्दांत मुख्य बॅटरी पॅक धरला आहे का ते तपासा. शिवाय मूळ पॉलिसीत विद्युत बिघाड वगळलेला असतो. चार्जिंग करताना विजेचा दाब वाढून किंवा शॉर्ट सर्किट होऊन आतले भाग गेले तर वेगळं बॅटरी प्रोटेक्ट कव्हरच कामाला येतं. घरच्या वॉलबॉक्स चार्जरचं नाव त्यात लिहिलेलं असेल तरच तो धरला जातो. उन्हाळ्यातल्या ४५ अंशांत बॅटरीची रेंज हळूहळू कमी होणं ही मात्र विम्याची बाब नाही. कंपनीच्या वॉरंटीत काय आहे ते तिथे पाहावं.

पाण्याचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. पुराचं नुकसान मूळ पॉलिसीत येतं. पण भिजलेली गाडी सुरू केली किंवा चार्जिंगला लावली आणि त्यातून बिघाड वाढला, तर तो परिणामी नुकसान म्हणून नाकारला जातो. ती फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) चढवूनच न्यावी. रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड आहे का, किती किलोमीटरपर्यंत आहे आणि चार्ज संपल्यावर मिळतो का, हे समृद्धीवर जाणाऱ्यांनी नक्की विचारावं.

आता चौघांबद्दल आमचं मत. शोरूमचा कोट सोयीचा, पण टायर, चावी, सामान असे अ‍ॅड-ऑन भरून फुगवलेला असतो. ते काढायला लावा. 'बाहेरून विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही' हे खरं नाही. कॅशलेस त्या वर्कशॉपचा तुमच्या कंपनीशी करार आहे की नाही यावर ठरतं, आणि ते कंपनीच्या गॅरेज यादीत दिसतं. शोरूमला तिथूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. पोर्टल किमतीचा तळ कळण्यासाठी उत्तम, पण बॅटरीची कलमं तिथे नीट कळत नाहीत. कंपनीच्या साइटवर पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ मिळते, म्हणून तो आमचा पहिला पर्याय. एजंट धरमपेठेतला असो की सदरचा, क्लेमच्या वेळी सोबत उभा राहणारा असेल तर हजार-दोन हजार जास्त देणं परवडतं.

पैसे भरण्यापूर्वी ड्राफ्ट मागवा आणि चासी नंबर, मोटर नंबर, किलोवॉट, एनसीबी आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव बिलाशी ताडून पाहा. बॅटरी भाड्याच्या योजनेतली असेल तर आयडीव्हीत तिची किंमत धरली आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या.