आवाज मोजायचं मीटर घेताय? आधी ‘सी’चं बटण आहे का ते बघा

नाशिकच्या एम.जी. रोडवरून दोन मीटर घेतली, एक आवाजाचं डेसिबल मीटर आणि दुसरं ईएमएफ (म्हणजे विद्युत-चुंबकीय क्षेत्र मोजायचं) मीटर, दोन्ही मिळून साडेतीन हजाराच्या आत बसली. ब्रँड लिहीत नाही कारण तोच पीस वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. गणपती आणि नवरात्र असा पूर्ण सीझन वापरून झाल्यावर लिहितोय.

डेसिबल मीटर मस्तच आहे. 30 ते 130 पर्यंत रेंज, फास्ट-स्लो, मॅक्स होल्ड, माइकवर काळा स्पंज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ए आणि सी असे दोन मोड. स्वस्तातल्या बऱ्याच पीसमध्ये फक्त ए असतो, तो अजिबात घेऊ नका, का ते सांगतो. आपल्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात म्हणून ए मोडमध्ये मीटर खालची फ्रिक्वेन्सी मुद्दाम कमी करून दाखवतं, 50 हर्ट्झला तर जवळजवळ 30 डेसिबल कापून टाकतं, आणि सी मोडमध्ये तिथेच जेमतेम एक-दीड डेसिबल कापलं जातं. आता डीजेचा सगळा जोर कुठे असतो? बरोबर याच 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात.

विसर्जनाला मेनरोडला आत्याकडे होतो, पहिला मजला, खाली डीजेची गाडी येऊन थांबलेली. गॅलरीत ए वर 98 आणि सी वर 113. दहा डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते, म्हणजे 15 चा फरक हा तीसपटीचा फरक आहे! मग दारं-खिडक्या सगळं लावून घेतलं आणि आतल्या खोलीत मोजलं तर ए वर 76 आलं, आकडा बघून वाटेल चला बरंच कमी झालं, पण सी वर अजून 103 होते, मांडणीतली ताटं थरथरत होती आणि आत्या छातीवर हात ठेवून म्हणत होती “अरे, कानात काही नाही रे, इथे धडधडतंय”. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. काच आणि दार वरच्या पट्टीतला आवाज अडवतात, बास आरपार येतो. ती हार्ट पेशंट आहे, तिला दरवर्षी हे ‘वयामुळे होतं’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं, यंदा मी आकडा दाखवू शकलो.

आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45, शांतता क्षेत्राला 50 आणि 40, असे आकडे आहेत आणि ते सगळे ए मधलेच आहेत. म्हणजे नियम मोडला जातोच, पण किती मोडला जातोय ते ए च्या आकड्यात अर्धंसुद्धा दिसत नाही. माझ्या मते मिरवणुकीसाठी सी ची मर्यादा वेगळी हवीच.

ढोलही मोजला. पथक जवळून गेलं तेव्हा ए 103 आणि सी 108, ताशाचा आवाज वरच्या पट्टीत असल्यामुळे फरक कमी. नाशिक ढोलावर माझं प्रेम आहे पण आकडा आकडा आहे, पथकातल्या पोरापोरींनी कानात प्लग घालूनच वाजवा प्लीज.

अचूकपणाबद्दल, मित्र अंबडला एका कंपनीत सेफ्टीत आहे, त्यांच्या क्लास 2 (अचूकतेच्या ठरलेल्या मानकातल्या) मीटरशेजारी धरून बघितलं तर माझं दीड-दोन डेसिबल जास्त दाखवतं. या किमतीत चांगलंच आहे. तक्रारीला पुरावा म्हणून मात्र हे चालणार नाही, त्याला कॅलिब्रेट केलेलं मीटर लागतं.

सोबत फोनमध्ये फायफॉक्स टाका, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं ॲप आहे, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. त्यातला ऑडिओ स्पेक्ट्रम उघडला की आवाज कुठल्या फ्रिक्वेन्सीत किती आहे ते स्क्रीनवर उभं राहतं. गल्लीतल्या डीपीखाली, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली, धरून बघा, तो जो हुंऽऽ आवाज येतो त्याची रेघ 100 हर्ट्झवर उमटते, मग 200, 300. लाइट 50 हर्ट्झची आणि आवाज 100 चा, कारण ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड करंटच्या प्रत्येक सायकलमध्ये दोनदा किंचित ताणलं-आकसलं जातं. विजेचं फील्ड डोळ्यांनी दिसत नाही पण त्याची थरथर अशी ऐकताही येते आणि बघताही येते, मला हे भयंकर आवडलंय, भाचीला दाखवलं तर ती घरातल्या प्रत्येक वस्तूला फोन लावत सुटली.

ईएमएफ मीटरबद्दल थोडक्यात. हे घरातल्या 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी ठीक आहे. मिक्सरला अगदी चिकटवलं तर 20 मायक्रोटेस्लाच्या वर गेलं, दोन फूट मागे आलो की 0.2 सुद्धा नाही, इतकं पटकन कमी होतं. आयसीएनआयआरपी या रेडिएशनपासून सुरक्षेच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची लोकांसाठीची मर्यादा 50 हर्ट्झला 200 मायक्रोटेस्ला आहे, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही. पण बॉक्सवर ‘रेडिएशन डिटेक्टर’ छापलंय आणि दुकानातही “टॉवरचं पण मोजतं” म्हणून सांगितलं, ते साफ खोटं. शेजारच्या काकू टॉवरमुळे काळजीत होत्या म्हणून त्यांच्या गच्चीवर नेलं तर शून्य दाखवलं. ते शून्य म्हणजे टॉवरचं काही येत नाही असं नाही, टॉवरची लहर शेकडो-हजारो मेगाहर्ट्झची असते, या मीटरला ती कळतच नाही. काकूंना तसंच सांगितलं आणि सरकारचं तरंग संचार पोर्टल उघडून दिलं, तिथे आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि फी भरून मोजणीही मागता येते. भारतात टॉवरची मर्यादा 2012 पासून आयसीएनआयआरपीच्या दहाव्या हिश्श्यावर आणलेली आहे. फक्त टॉवरसाठी घेणार असाल तर ईएमएफ मीटर घेऊ नका, तेच पैसे डेसिबल मीटरमध्ये घाला.