निसेको, ओव्हेर्न की एटना? ज्वालामुखीच्या बर्फात निघालेल्या बडोदेकरांसाठी

घरातल्या सहा माणसांपैकी दोघांना स्की करायचंय, दोघांना बर्फात नुसतं लोळायचंय आणि आजी-आजोबांना गुडघे सांभाळायचेत. बडोद्यातून हिवाळ्यात परदेशी बर्फाचा बेत करणाऱ्या बहुतेक घरांत हीच परिस्थिती असते. ट्रॅव्हलवाले दाखवतात ते फोटो मात्र त्या पहिल्या दोघांसाठी असतात. माझं मत उलटं आहे. स्की न करणाऱ्या माणसाचा दिवस कुठे बरा जाईल, ते आधी बघा. जागा बऱ्यापैकी तिथेच ठरते.

आल्प्स सोडून ज्वालामुखीच्या डोंगरांत जायचं कारण तरी काय? अशा डोंगरांत बर्फाच्या जोडीला बहुधा गरम पाण्याचे झरे असतात, विवरात साठलेली तळी असतात, काळ्या दगडाची गावं असतात. म्हणजे स्की न करणाऱ्यालाही बघायला काहीतरी असतं. आता तीन जागा घेऊ: जपानमधलं निसेको, फ्रान्समधलं ओव्हेर्न आणि सिसिलीतला एटना.

"बर्फ नक्की असेल ना?" हा प्रश्न निसेकोबाबत जानेवारीत विचारायचं कारणच नाही. सायबेरियातून सुटलेला कोरडा, थंडगार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि निसेको ज्या होक्काइडो बेटावर आहे, त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर ते बर्फ होऊन पडतं. हंगामाला सरासरी १५ मीटरच्या आसपास. भुकटीसारखा हलका बर्फ, पडलं तरी लागत नाही. लिफ्ट आहेत त्या १,३०८ मीटर उंचीच्या निसेको-आन्नुपुरी डोंगरावर. फोटोत दिसतो तो फुजीसारखा देखणा शंकू म्हणजे समोरचा योतेई, १,८९८ मीटरचा ज्वालामुखी. हा योतेई जानेवारीत दिवसचे दिवस ढगाआडून बाहेर येत नाही. जो ढग बर्फ देतो, तोच देखावा झाकतो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

नवशिक्यांची सोय उत्तम आहे. ऑस्ट्रेलियन लोक इथे वर्षानुवर्षं येत असल्यामुळे इंग्रजीत शिकवणारे प्रशिक्षक सहज मिळतात. पण खर्चाच्या बाबतीत निसेको तिघांत सगळ्यात वर. निसेकोच्या चारही स्की-भागांत चालणारा दिवसाचा लिफ्ट-पास २०२४-२५ च्या हंगामातच १०,००० येनच्या पुढे गेला. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो घेऊच नये. पहिले दोन दिवस तुम्ही पायथ्याच्या सरकत्या पट्ट्यावरून वर जाणार आणि पन्नास पावलं खाली घसरणार. त्यासाठी सगळा डोंगर विकत घ्यायची गरज नाही.

आजी-आजोबांचं काय? डिसेंबरअखेर तिथे दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. गावातले रस्ते चढउताराचे आणि वर गोठलेले. ओतारू गावातला जुना कालवा किंवा साप्पोरो पाहायला जाता येतं, पण एकेक अख्खा दिवस जातो. राहता राहिलं ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, आणि आत अंगावर एकही कपडा चालत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. आपल्याकडच्या किती काकू हे ऐकून तयार होतील, ते तुम्हीच ठरवा. कुटुंबापुरतं खासगी ओन्सेन काही हॉटेलांत तासाच्या हिशेबाने मिळतं. खोली घेतानाच ते विचारून ठेवायचं. एकदा त्या पाण्यात बसल्यावर, डोक्यावर बर्फ पडत असताना, बाहेर यायला कोणी तयार होत नाही ही गोष्ट वेगळी.

ओव्हेर्नची तऱ्हा नेमकी उलटी. स्कीच्या दृष्टीने तिघांत मधलं, माणसांच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं. फ्रान्सच्या मध्यावरचा हा ज्वालामुखींचा पट्टा. त्यातलं सर्वांत उंच शिखर प्वी द सांसी, १,८८५ मीटर. त्याच्या एका अंगाला ल मों-दोर हे झऱ्यांचं जुनं गाव, दुसऱ्या अंगाला सुपर-बेस हे स्की-केंद्र. उंची कमी असल्यामुळे नाताळात बर्फाची खात्री नाही. एक उबदार आठवडा आला, पाऊस पडला, की उतार हिरवे दिसायला लागतात आणि यंत्राने बर्फ मारून दोन-चार पट्टे कसेबसे चालू ठेवतात. जानेवारीच्या उत्तरार्धात चित्र बरंच सुधारतं. उतारांचे रंग आधी समजून घ्या: फ्रान्समध्ये सोप्याकडून अवघडाकडे हिरवा, निळा, लाल, काळा, जपानमध्ये निळा गाळून हिरवा, लाल, काळा.

पण स्की न करणाऱ्याला इथे खरी चैन. ल मों-दोरहून केबल-कार सांसीच्या माथ्याजवळ नेते, स्की पायात नसले तरी. सुपर-बेसजवळ पावें हे विवरातलं गोल तळं आहे, ९२ मीटर खोल. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात झालेलं, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने कालचंच. क्लेर्माँ-फेराँ शहरातलं कॅथीड्रल व्होल्विकच्या लाव्हा-दगडाचं, त्यामुळे आतून-बाहेरून काळं. आणि शहराजवळचा प्वी द दोम तर बडोदेकरांना ओळखीचाच वाटेल: आपला पावागड लाव्ह्याचा, माथ्यावर कालिकामाता आणि वर जायला उडनखटोला (रोपवे), तिथे ज्वालामुखीच्या माथ्यावर रोमनांच्या मर्क्युरी देवाच्या देवळाचे अवशेष आणि वर जायला २०१२ पासून दातेरी रुळांची गाडी, पंधरा मिनिटांत. हिवाळ्यात ती रोज धावेलच असं नाही, वेळापत्रक बघून जायचं. प्वी द दोमच्या आसपासची ज्वालामुखींची रांग २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

जाण्यायेण्यातही ओव्हेर्न सरस. मुंबई किंवा दिल्लीहून थेट पॅरिस, तिथून साडेतीन तासांची रेल्वे, पुढे तासभर गाडी. पॅरिस आपोआप पदरात पडतं. निसेकोला दिल्लीहून टोकियो, तिथून दुसरं विमान होक्काइडोच्या शिन-चितोसे विमानतळाला आणि वर अडीच-तीन तासांची बस. लहान मूल सोबत असेल तर ती शेवटची बस फार अंगावर येते.

एटनाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण केवळ स्कीसाठी तिथे जाऊ नये. ३,३०० मीटरहून उंच, जिवंत, धुमसता डोंगर. बर्फावरून घसरताना खाली निळा समुद्र दिसतो, असं दृश्य जगात फार ठिकाणी मिळत नाही. पण लिफ्ट थोड्या आणि बर्फ लहरी. उत्तरेकडचं पियानो प्रोव्हेंझाना हे स्की-केंद्र २००२ च्या उद्रेकात लाव्ह्याखाली गेलं होतं, ते नंतर नव्याने उभं केलं. राख उडाली की पायथ्याच्या कातानिया शहराचा विमानतळ बंद होऊ शकतो, त्यामुळे परतीचं विमान आणि ऑफिसचा पहिला दिवस यांच्यात फट ठेवावी लागते. मात्र ज्यांना मुळात सिसिली बघायचंय, त्यांनी एक दिवस जरूर काढावा. ३ ते ५ फेब्रुवारीला कातानियात संत आगाथाची यात्रा असते. मिरवणुकांची आवड असलेल्या आपल्या लोकांना ती स्कीपेक्षा जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे.

स्वस्तात आणि उंचावर स्की करायचं तर तुर्कस्तानातला एर्जियेस (३,९०० मीटरहून उंच, शेजारी कापादोकिया) खरं तर या यादीत हवा होता. पण मे २०२५ नंतर आपल्याकडच्या अनेक टूरवाल्यांनी तुर्कस्तानचं बुकिंग घेणं बंद केलं आणि कित्येक घरांनाही आता तिकडे जायचं नाही. म्हणून तो बाजूला ठेवला.

तारखांचं गणित आपल्याकडे वेगळंच. पतंगांचं उत्तरायण सोडून बडोद्याचा माणूस बाहेर जाणार नाही, आणि गेला तर गच्चीवरचे फोन घेत बसणार. नाताळात शाळेला थोडी सुट्टी मिळते, पण तेव्हा निसेकोचे दर कडाडलेले आणि ओव्हेर्नचा बर्फ बेभरवशाचा. म्हणून १६ जानेवारीनंतरचा पंधरवडा धरा. फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या फेब्रुवारीत सुरू होतात, त्याआधी तिथे गर्दी नसते. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर मात्र नाताळच, आणि नाताळ म्हणजे निसेको. फ्रान्स-इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर धावपळ अटळ.

जेवणाचं आता स्पष्टच सांगते. जपानी रश्शात बहुधा माशाचा अर्क असतोच, भाज्यांच्या सूपमध्येही. ओव्हेर्नमध्ये बटाटा आणि चीजची त्र्युफाद मिळते, आजोबा खूश होतील. पण सोबत हॅम येतं, ते आधी नको म्हणायचं, आणि तिथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडणारं द्रव्य) असतं, ते कडक शाकाहारी माणसाला चालणार नाही. दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. भाजणी, मेतकूट चालतं, खिचडीचं सामान नेण्याआधी त्या देशाचे नियम बघा. पण युरोपात दूध-दुभत्याचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच राहू देत.

कपड्यांवर इथे फार पैसे घालू नका. थर्मल, लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे न्या. जाकीट-पँट तिथे भाड्याने मिळते. बूट भाड्याने घेताना पायाचं माप सेंटीमीटरमध्ये सांगावं लागतं, ते घरून मोजून न्या. एकच मोजा घालायचा, त्याला घडी पडू द्यायची नाही, थर्मलची कड बुटाच्या वर ठेवायची आणि मग खालून वर बक्कलं लावायची. कड आत राहिली तर तासाभरात नडगी सोलून निघते आणि दिवसभराचा पास फुकट जातो.

विमा काढताना नेहमीच्या प्रवास-विम्यात स्कीइंग धरलेलं आहे का, ते पॉलिसीच्या कागदावर बघा, एजंटाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात आणि वेगळा हप्ता भरून घ्यावे लागतात. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण तेवढं दाखवून व्हिसा मिळाला म्हणजे उतारावर मोडलेला पाय त्यात बसतोच असं नाही.