महाराजांची वंशावळ: उपाध्यायांची वही की इनामाचे कागद?

एखाद्या मठाच्या किंवा संत-महाराजांच्या घराण्याचा इतिहास पुराव्यानिशी लिहायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची, दुसरी पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या इनामी, म्हणजे इनाम मिळालेल्या जमिनींच्या कागदांची. एका मठाच्या घराण्यासाठी मी दोन्हीकडे बसलो आहे.

वहीचं सुख मोठं. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकं बाड काढतात आणि पूर्वजांनी तीर्थविधीला आल्यावर लिहून ठेवलेला लेख समोर येतो. वडील, आजोबा, भाऊ, मुलं, कधी सुनांचीही नावं. घरातली इतकी माणसं एका पानावर सरकारी कागदात क्वचितच भेटतात. ज्या शाखेतलं कोणी तीर्थाला गेलंच नाही, ती मात्र तिथेच खुंटते.

माझं अडलं ते वेगळ्या ठिकाणी. वह्या जीर्ण झाल्या की नव्या वहीत उतरवून काढतात. आम्हाला दाखवलेल्या पानावर आजोबा, मुलगा, नातू अशा तिघांचे लेख होते. तिथींमध्ये कैक वर्षांचं अंतर, पण अक्षराचं वळण एक, शाई एक, ओळींमधली जागासुद्धा एकसारखी. म्हणजे ती नक्कल होती. नक्कल खोटीच असते असं अजिबात नाही. पण मूळ वहीचा पत्ता लागेना, पानाला क्रमांक नाही आणि फोटो काढायला परवानगी नाही. वह्या त्यांची पिढीजात मिळकत, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतंही. तरी तळटीप काय द्यायची? घराण्यातल्याच दुसऱ्या शाखेनं शंका काढली, तर पुढे ठेवायला हातात काही नाही.

इनामी कागदांत हा पेच बराचसा सुटतो. रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तराचा, क्रमांक दिला की शंका असणारा स्वतः जाऊन पाहू शकतो. शिवाय 1852 च्या 11 व्या कायद्यानं इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनची, म्हणजे इनामं खरी की खोटी हे तपासणारी, चौकशी सुरू झाली, तेव्हा जमीन मुळात कोणी दिली आणि कोणाकडून कोणाकडे आली, हे इनामदारांना सांगावं लागलं. घरच्या वंशावळीत नुसता 'चिरंजीव' म्हणून लिहिलेला मुलगा दत्तक होता, हे इथे कळू शकतं, कारण वारसा त्यावरच ठरायचा. भाऊबंदकी झाली असेल तर अभ्यासकाला ती फायद्याचीच. देहूला तुकोबांच्या वंशजांमध्येही पुढे हक्कांवरून वाद झाले. अशा तंट्यात दोन्ही बाजू आपापल्या पिढ्या मोजून सांगतात आणि आपल्याला ताडून पाहता येतं.

अर्थात इनाम टिकवायचं म्हणून मूळपुरुष मागे नेण्याचा मोह तिथेही असतो. बायकांची नावं फार कमी. मोडी येत नसेल तर जाणकार सोबत हवा, आणि जुन्या कागदांतल्या सुहूर सनावरून इसवी सन काढताना त्यात 599 की 600 मिळवायचे हे महिना पाहूनच ठरवावं लागतं. समर्थ संप्रदायावर काम असेल तर आधी धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर गाठा, रामदासी साहित्याचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेलं हस्तलिखितांचं धन तिथे आहे.

घराण्यातल्या माणसांचे जुने फोटो हवे असतील, तर दोन्ही वाटांचा उपयोग नाही, ते घरोघर फिरूनच मिळतात. फोटो तसबिरीतून बाहेर काढून मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं नाव तिथेच सापडतं. पुढून हातानं रंगवलेल्या छबीत मूळ चेहरा किती उरलाय, सांगणं अवघड.

माझ्यापुरतं विचाराल तर कणा इनामी कागदांचा ठेवावा आणि सुना-लेकींची नावं वहीतून भरावी. घराण्याला इनाम नव्हतंच, तर वहीशिवाय गत्यंतर नाही. मग मात्र सगळ्यात जुनी वही आग्रहानं मागा, लेख जसाच्या तसा उतरवून घ्या, शके आणि तिथीसकट, आणि त्या उताऱ्यावर उपाध्यायांची सही घ्या. पानाच्या फोटोला नको म्हणणारे सहीला सहसा नाही म्हणत नाहीत.