प्लास्टिकवर क्रोम स्प्रे: आठ महिन्यांनंतर काय उरलं

गाडीच्या ग्रिलवरची क्रोमची पट्टी सोलायला लागली आणि मला घरी उद्योग करायची लहर आली. पट्टीबरोबर आरशांची दोन्ही कव्हरंही क्रोम करून टाकू म्हटलं. सामान म्हणजे क्रोम स्प्रेचा डबा, खाली मारायला काळा ग्लॉस रंग आणि वर हार्डनर (थर कडक करणारं रसायन) घालून मारायचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. दारांची हँडलं मात्र चांदीच्या प्रक्रियेने क्रोम करणाऱ्याकडे दिली, कारण तिथे दिवसभर हात लागतो.

आधी पार्ट उलटा करून आतला शिक्का वाचा. एबीएस, म्हणजे गाडीच्या पार्टसाठी वापरतात ते एक कडक प्लास्टिक, असेल तर काम सोपं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर त्यासाठीचा खास प्रायमर लागतोच. नाहीतर रंग नखाने निघतो. कंपनीतून येतं ते क्रोम ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे एबीएस आम्लात बुडवून त्यातलं रबरासारखं ब्यूटाडाइन खातात, त्या बारीक खड्ड्यांत धातू रुजतो, मग तांबं, निकेल आणि सगळ्यात वर एका मायक्रॉनहूनही पातळ क्रोमियम. डब्यातल्या स्प्रेमध्ये क्रोमियम नसतंच, असतात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या. हे मला डबा आणल्यावर कळलं!

सगळी मेहनत काळ्या थरात गेली. पट्टीवरचं सुटलेलं जुनं क्रोम काढलं, तरी त्याची कड राहतेच. ती बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासायची. मग प्रायमर, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणं, आणि वर काळा ग्लॉस. आरशासारखं दिसतं ते या काळ्यामुळे. त्यात धुळीचा एक कण राहिला तर क्रोमखाली तो फोडासारखा वर येतो. क्रोमचा हात अगदी हलका, लांबून, धुक्यासारखा. जाड मारलं की लगेच राखाडी.

पहिल्या संध्याकाळी आरशाच्या कव्हरात माझा चेहरा स्वच्छ दिसला. घरच्यांना बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी क्लिअर मारला आणि डोळ्यांदेखत क्रोमचा आरसा जाऊन नुसता बादलीसारखा मंद चंदेरी रंग उरला. क्लिअरमधलं सॉल्व्हंट त्या आडव्या निजलेल्या चकत्यांना हलवतं, त्या वेड्यावाकड्या होतात आणि प्रतिबिंब जातं. दुसऱ्या कव्हराला आठवडाभर सुकू दिलं, मग क्लिअरचे दोन कोरडे, भुरभुरते हात दिले. ते बरंच वाचलं, पण पहिल्या संध्याकाळचं तेज काही परत आलं नाही. क्लिअर टाळावा, तर बोटांना चंदेरी पावडर लागते. थोडक्यात, टिकाऊपणा हवा तर चमक सोडायची. (हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साध्या कापडी मास्कवर भागत नाही, हे डोकेदुखीने शिकलो.)

आता आठ महिने झालेत. ग्रिलच्या पट्टीवर समोरून उडालेल्या खड्यांचे काळे ठिपके आहेत, आणि जुन्या क्रोमच्या कडेपाशी एक पापुद्रा सुटलाय. तिथे मी घासायचा कंटाळा केला होता, दोष माझाच. एकदा चाकं धुवायचा तीव्र क्लीनर उडाला आणि खड्याच्या एका ठिपक्याभोवती अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलं, डाग कायमचा. नुसता साबण आणि मऊ फडकं, एवढंच वापरा.

हँडलं अजून खरोखर आरसा आहेत. त्या प्रक्रियेत चांदीचं आणि रिड्यूसरचं (द्रावणातून चांदी सुटी करणारं रसायन) द्रावण एकाच वेळी दोन तोंडांच्या गनने मारतात, पृष्ठभागावर चांदी धरते, मग डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने धुऊन वर क्लिअर. मागच्या डाव्या हँडलच्या कडेला क्लिअर पातळ बसलाय, तिथे पिवळसर झाक आलीये. बाकी तक्रार नाही. पण ही प्रक्रिया घरी करायच्या फंदात मी पडणार नाही.

एक सांगायचं राहिलं: ग्रिलच्या लोगोमागे रडार (समोरच्या गाडीचा अंदाज घेणारा सेन्सर) असणारी गाडी असेल तर त्या लोगोवर धातूचा कसलाही थर चढवू नका, रडार आंधळं होतं.

पट्टी नवीन मागवलीये. आरशांची कव्हरं घासून पुन्हा काळ्या ग्लॉसवर आणली, आणि खरं सांगू? क्रोमच्या खाली मी लपवत होतो तो काळाच सगळ्यात देखणा निघाला.