दाराचं बीडिंग: भरायचं, चिकटवायचं की नवं घालायचं?

पावसाळा तोंडावर आला आणि गाडीच्या दाराचं बीडिंग, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीचं रबर, दाबून चपटं झालंय असं दिसलं, की पहिली धाव असते ती मागे चिकटपट्टी असलेल्या डी किंवा पी आकाराच्या रबराच्या गुंडाळीकडे. स्वस्त, मीटरवर मिळणारी, अर्ध्या तासात लावून होणारी. वाऱ्याचा आवाज नि धूळ कमी करायला ती ठीक आहे. पण वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात पाणी अडवायला तिच्यावर भिस्त ठेवू नये. तिच्याऐवजी काय करायचं, ते बीडिंगला नेमकं काय झालंय त्यावर ठरतं.

आधी गळती शोधा

दाराच्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. रबर दाबत असेल तर पट्टी अडखळत येते किंवा फाटते. अलगद सुटली तर तिथे दाब नाही. वीतभर अंतर सोडत पूर्ण चौकट तपासा. त्याहून स्पष्ट चित्र हवं असेल तर बीडिंगवर टाल्कम पावडर लावून दार एकदाच बंद करा. दाराच्या पत्र्यावर उमटलेली रेघ जिथे तुटते किंवा फिकट होते, तिथेच पाणी शिरतं. शेवटी एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने साध्या पाइपने पाणी सोडावं, तेही खालून वर. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती कुठली हे कळत नाही.

पायाखालचं कार्पेट ओलं, पण बीडिंगची आतली बाजू कोरडी असेल तर रबराला दोष देऊ नका. काचेच्या कडेने दारात थोडं पाणी उतरणारच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. ती भोकं लाल मातीने आणि कुजलेल्या पानांनी बुजली की दार उघडताना आतून खळखळ ऐकू येते. माडाच्या हिराने भोकं मोकळी करा, पण हीर बोटभरापेक्षा आत घालू नका. भोकं साफ असूनही आतल्या पॅनेलच्या खालच्या कडेतून पाणी झिरपत असेल, तर पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा सुटलाय. तो ब्युटाइल टेपने (चिकट, मऊ रबरी टेप) पुन्हा बसवावा लागतो. तिथे कितीही महागडं बीडिंग घातलंत तरी कार्पेट ओलंच राहणार.

नुसतं कोरडं पडलेलं रबर

रबर कडक वाटतंय, दार उघडताना चिकटतंय, पण बोटाने दाबल्यावर परत वर येतंय, तर खर्च करायची गरज नाही. शाम्पूच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली, साखळी, सांगे, कुडचडेकडच्या लाल धुळीत जाड ग्रीस नको. धूळ त्यात रुतते आणि दार लावता-उघडताना रबर घासलं जातं. तिथे सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून पुसलेला बरा. इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली, रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काहीही लावू नका. दाराचं बीडिंग बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं आणि खनिज तेलाने ते फुगून मऊ पडतं. सुरुवातीचे दोन-चार दिवस मात्र ते छान काळंभोर दिसतं, त्यामुळे माणूस फसतो.

एक गोष्ट आधीच ठरवा: पुढे गोंद किंवा चिकटपट्टी लावायची शक्यता असेल तर सिलिकॉन सगळ्यात शेवटी. एकदा लागल्यावर त्यावर काहीच धड धरत नाही.

बसलेलं रबर: आतून भरणं

घरच्या घरी करायच्या उपायांत हा सगळ्यात किफायतशीर, आणि सगळ्यात कमी लोक करतात. बीडिंगचा फुगीर भाग आतून पोकळ असतो. वर्षानुवर्षं दाबून तो चपटा होतो, बहुधा ड्रायव्हरच्या दाराला, मधल्या खांबाजवळ आणि वरच्या कोपऱ्यात. हेअर ड्रायरने गरम केलं की जरा वर येतो, पण जुना दाब रबरात मुरलेला असल्यामुळे काही दिवसांत पुन्हा बसतो.

त्याऐवजी पोकळीत मऊ सिलिकॉनची नळी सरकवा. फिशटँकच्या हवेसाठी मिळणारी 6 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी बऱ्याच बीडिंगना चालते. पारदर्शक पीव्हीसीची घेऊ नका. ती कडक होत जाते. चपटा झालेला भाग मोजा, बीडिंगच्या चौकटीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर द्या आणि नळीला साबणाचं पाणी लावून ढकला. एका वेळी 40–50 सेंटिमीटर पुरे. कोपऱ्यातून नळी वळवायला गेलात तर ती मुडपते आणि तिथे गाठीसारखा उंचवटा येतो. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना वेगळे तुकडे घाला. बीडिंगला ठरावीक अंतरावर बारीक भोकं असतात. दार बंद होताना आतली हवा तिथून निघते, ती चीर समजून बुजवू नका.

नळी जाड झाली की दार आपटल्याशिवाय लागत नाही. तसं झालं तर बाहेर काढून 5 किंवा 4 मिलिमीटरची घाला. खांबावरच्या स्ट्रायकरशी (दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो धातूचा आकडा) खेळून दार बळजबरीने बसवू नका. स्ट्रायकर आत सरकवायचा तो वेगळ्या वेळी: रबर सगळीकडे सारखंच सैल असेल आणि दार बाहेरून किंचित पुढे आलेलं दिसत असेल तेव्हा. भोवती पेन्सिलने खूण करा, स्क्रू ढिले करून एक मिलिमीटर आत घ्या, बघा. त्यात एक पैसाही जात नाही.

सुटलेलं किंवा चिरलेलं रबर

क्लिपवर किंवा टेपवर बसणारं, दारालाच लावलेलं दुसरं रबर सुटलं असेल तर फेव्हिबॉन्डसारखा रबराचा काँटॅक्ट गोंद घ्या. दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटणार नाही इतका वाळू द्या, साधारण 10–15 मिनिटं, मग दाबून धरा. ओला असतानाच चिकटवला की सरकतो, उशीर झाला की धरत नाही. भर जुलैत हे काम टाळा. गोंदातला द्रव उडताना दमट हवेतलं पाणी थरावर बसतं आणि जोड कच्चा राहतो. फेविक्विक बारीक चिरेपुरतं ठीक, लांब जोडाला नको, कारण ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि दाराच्या हादऱ्याने तडकतं. बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर मुळीच नको. त्यातल्या आम्लाने पत्र्याला गंज धरतो, आणि खाऱ्या हवेत त्याला आमंत्रणच लागत नाही.

चिकटपट्टीचं रबर

घ्यायचंच असेल तर मूळ बीडिंगला पर्याय म्हणून नव्हे, जोड म्हणून दाराच्या कडेवर लावा. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सकाळी सावलीत. या रबरामागच्या अॅक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला 72 तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका. तळाच्या कडेला लावताना दाराची भोकं झाकली जाणार नाहीत हे बघा, नाहीतर आपल्या हातानेच दारात तळं करून ठेवाल.

नवं बीडिंग

फुगीर भाग फाटलाय, किंवा आतली धातूची पकड गंजून रबर हाताने उपटून येतंय, तर डागडुजीत वेळ घालवू नका. प्रश्न इतकाच की शोरूमची अखंड रिंग घ्यायची की मीटरवरचं. रिंग काही पट महाग, पण तिचे कोपरे गाडीच्या वळणाला घडवलेले असतात. ज्या दारांचे वरचे कोपरे टोकदार आहेत तिथे रिंगच घ्या. मीटरवरचं रबर तीव्र वळणावर आत दुमडतं आणि नेमकं तिथेच गळतं. गोलसर कोपऱ्यांच्या जुन्या गाड्यांना मीटरवरचं चालतं. दुकानात जाताना जुन्याचा वीतभर तुकडा सोबत न्या. फुगीर भागाचा व्यास, तो वर आहे की बाजूला, आणि पकड किती जाड कडेवर बसते, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

जुनं काढलं की चौकटीची कड नीट बघा. किनारपट्टीच्या गाड्यांत पकडीखाली पाणी अडकून गंज बसलेला सापडतो. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड प्रायमर मारा, दिवसभर वाळू द्या. बसवायला तळाच्या मध्यापासून सुरुवात करा, रबरी हातोडीने हलकं ठोकत जा आणि कोपऱ्यात ताणू नका. ताणलेलं रबर आखडलं की जोडाशी फट पडते. शेवटी मापापेक्षा सेंटिमीटरभर जास्त ठेवून कापा आणि टोकं एकमेकांत दाबून बसवा. आतल्या ट्रिमची, म्हणजे खांबावरच्या प्लास्टिकच्या आवरणाची, कड बीडिंगच्या ओठाखाली गेली पाहिजे. जुनं एटीएम कार्ड फिरवून ओठ वर काढा. खांबावर एअरबॅगचं लेबल असेल तर तिथलं ट्रिम उचकटू नका.

नव्या रबराने दार पहिले आठ-दहा दिवस जड लागतं. काच थोडी खाली करून बंद करा, म्हणजे आतली हवा अडणार नाही.