लाईव्ह कॅसिनो, आठ महिन्यांनंतर: पैसा खातं ते ‘रिपीट’चं बटण

विड्रॉल (जिंकलेले पैसे काढायची मागणी) टाकून सव्वीस दिवस झाले. ₹३,४०० अजूनही ‘प्रोसेसिंग’मध्येच आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं. लाईव्ह कॅसिनो म्हणजे मोबाईलच्या व्हिडिओत खरा डीलर डाव वाटतो आणि आपण ॲपमधून पैसे लावतो. ड्रॅगन टायगर, अंदर बाहर, बाकारा हे पत्त्यांचे खेळ आणि चक्रावरचं रूलेट, यांचे बारीक नियम इथं सांगत बसत नाही. वापर जानेवारी ते ऑगस्ट २०२५. दर शनिवारी ₹५००, डाव बहुतेक ₹५० चा, आणि प्रत्येक बैठकीची नोंद वहीत. ॲपचं नाव घेत नाही. यातली बरीचशी ॲप आतून सारखीच असतात, टेबलं तीच, डीलर तेच.

सगळ्यात आधी ते बटण. डाव संपला की स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, नेमकं अंगठ्याखाली, ‘रिपीट’ येतं. एकदा दाबलं की मागचा सगळा डाव जसाच्या तसा लागतो, टायवर (म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीत सुटण्यावर) टाकलेले पैसेही त्यातच. आणि चिप (स्क्रीनवरचं डावाचं नाणं) लागताक्षणी त्याच जागी ‘दुप्पट’चं बटण येतं. चांगल्या वाय-फायवर हे चालून जात असेल. आपल्याकडे हरभऱ्याला ओलित करायला रात्रीची लाईन असते, कास्तकार मोटरपाशी बसलेला असतो आणि मोबाईलला नेटवर्कची एकच कांडी. अंगठा दाबला, चिप दिसली नाही, म्हणून पुन्हा दाबला. पहिला टॅप उशिरा पोचला, दुसरा ‘दुप्पट’वर पडला. ₹५० चे ₹१०० झाले. घड्याळात तीन सेकंद उरलेले, मागे घ्यायचं बटण डाव्या कोपऱ्यात, तिथं अंगठा जाईपर्यंत डाव बंद. तक्रार केली की एकच उत्तर येतं: सर्व्हरवर नोंदलेला डाव अंतिम. नेट मध्येच गेलं तरी तोच नियम. लागलेला डाव लागलेलाच राहतो आणि निकाल ‘हिस्टरी’त जाऊन बघावा लागतो.

व्हिडिओचा दर्जा सेटिंगमध्ये सगळ्यात कमी करून ठेवला तर टॅप जरा लवकर पोचतो, आणि रोजचा डेटाही तासाभरात संपत नाही. पण खरा उपाय म्हणजे ‘रिपीट’ला हातच लावायचा नाही. दर वेळी चिप निवडायची, मग घरावर ठेवायची, ती दिसेपर्यंत थांबायचं. याला चार-पाच सेकंद लागतात. दोन डावांच्या मध्ये विचाराला तेवढीच जागा असते आणि हे बटण नेमकी तीच काढून घेतं. एका बटणावर एवढं का लिहितो असं वाटेल, पण पुढचा हिशोब वाचा.

ड्रॅगन टायगरच्या (दोन बाजूंना एकेक पत्ता, मोठा जिंकतो) वेगवान टेबलावर एक डाव साधारण २५ ते ३० सेकंदांत उरकतो, म्हणजे तासाला १३० च्या आसपास डाव. आठ जोडांच्या पत्त्यांत टाय होण्याची शक्यता ७.४७ टक्के, आणि टाय झाली की ड्रॅगन किंवा टायगरवरचे अर्धे पैसे कापले जातात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयावर टेबल चालवणाऱ्याचा कट, सरासरी त्याच्याकडे जाणारा हिस्सा, ३.७३ टक्के. आता ₹५० गुणिले १३० करा: तासाला ₹६,५०० लागले, कट सुमारे ₹२४२. खिशातून फक्त ₹५०० निघाले होते, पण तेच पैसे फिरून फिरून तेरा वेळा लागले. डाव ₹१०० चा केला तर तासाचा कट ₹४८५. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ₹३१२ होती. दीड दिवसाची मजुरी एका तासात, आणि तीही नशीब सरासरीइतकंच राहिलं तर.

‘९६ टक्के परतावा’ या पाटीचा अर्थ बहुतेक जण ‘₹५०० पैकी ₹४८० परत’ असा घेतात. इथंच गफलत होते. तो परतावा एका डावावरचा आहे, डिपॉझिटवरचा नाही.

त्याच ₹५० चा हिशोब दुसऱ्या टेबलांवर मांडला की फरक डोळ्यात भरतो. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं, कट २.७० टक्के, संथ टेबलावर तासाला पन्नासेक डाव: तासाचा कट ₹६७. बाकाऱ्यात बँकर आणि प्लेअर या दोन बाजू असतात; बँकरवर ५ टक्के कमिशन धरूनही कट १.०६ टक्केच, प्लेअरवर १.२४. संथ टेबलावर तासाला ७५ डाव झाले तरी बँकरवर ₹४० च्या आत. दोन शून्यांच्या रूलेटवर मात्र कट ५.२६ टक्के, तिकडे जायचंच नाही. अंदर बाहरमध्ये ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती बाजू साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणून बहुतेक टेबलं तिच्यावर १०० ला ९० च देतात. कट दोन टक्क्यांच्या थोडा वर. दुसऱ्या बाजूवर पूर्ण १०० मिळतात, पण कट तीन टक्के.

टायचा डाव वेगळा सांगावा लागतो, कारण शनिवारची अर्धी रक्कम तिथंच जाते. ड्रॅगन टायगरमध्ये टायला आठपट देणारं टेबल असेल तर कट ३२.७७ टक्के. शंभरातले जवळजवळ तेहतीस. मटक्याला नावं ठेवणारी माणसं हा डाव बिनदिक्कत लावतात. बाकाऱ्यातली टाय आठपटीवर १४.३६ टक्के, तीही वाईटच.

आता मत कुठं बदललं ते. पहिले तीन महिने वहीत एकच नियम होता: ₹५०० गेले की बंद. हाच नियम दोन ओळखीच्या लोकांनाही सांगितला होता. आता तो मागे घेतो. कारण पैसे सरळ रेषेत जात नाहीत. ₹५०० चे ₹१,२०० होतात, मग ₹७००, मग ₹९५०, आणि दोन तासांनी शून्य. कागदावर तोटा ₹५०० च दिसतो, पण त्या वेळात ₹१३,००० चे डाव लागलेले असतात. तोट्याची मर्यादा जिंकलेला पैसा वाचवत नाही, ती फक्त खिसा रिकामा झाल्याचं सांगते. आणि त्यात डिपॉझिट किमान ₹१००, विड्रॉल किमान ₹१,०००. ₹४०० वर आलात तर ते काढताच येत नाहीत, पुन्हा टेबलावरच जातात. ॲपमधली ‘डेली लिमिट’ही कामाची निघाली नाही. मर्यादा वाढवायला निदान एक दिवस थांबावं लागलं पाहिजे, तरच तिला अर्थ आहे. इथं चॅटवर दोन ओळी लिहिल्या की लगेच वाढते.

म्हणून मर्यादा डावांच्या संख्येवर घालायची. वाटीत तुरीचे चाळीस दाणे मोजून ठेवायचे. प्रत्येक डावाआधी एक दाणा दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाली की मोबाईल खाली, खात्यात काहीही असो. ₹५० चे चाळीस डाव म्हणजे ₹२,०००, ड्रॅगन टायगरवर कट ₹७५, बाकाऱ्यात बँकरवर ₹२१. हा झाला त्या बैठकीचा भाव. दाणा उचलायला डावा हात लागतो, त्यामुळे उजवा अंगठा आपोआप ‘रिपीट’वरून निघतो. आठ महिन्यांत याहून उपयोगी काही सापडलं नाही.

अपेक्षेचा हिशोबही असाच मांडून ठेवायला हवा. ड्रॅगन टायगरवर ₹५० चे १३० डाव, सरासरी तोटा ₹२४२, पण नशिबाची वर-खाली चढउतार साधारण ₹५५०. म्हणून पैसे पुरले तर तीन तासांतला जवळपास एक तास नफ्यात जातो. माणूस तोच लक्षात ठेवतो, गावात तोच सांगितला जातो. पण तास वाढत गेले की तोटा तासांच्या पटीत वाढतो, चढउतार तेवढी वाढत नाही. तीस तासांनंतर सरासरी तोटा ₹७,२०० च्या पुढे आणि चढउतार ₹३,००० ची. तेव्हा एकूण नफ्यात असलेला माणूस शंभरात एखादाच. पाऊस एखाद्या वर्षी साथ देतो, इथला कट दर डावाला कापलाच जातो.

डबल करत जाण्याच्या युक्तीबद्दल थोडक्यात. ₹५० पासून दुप्पट करत सात डाव हरलात की ₹६,३५० गेले, आठव्याला ₹६,४०० हवेत, आणि तेही ₹५० जिंकण्यासाठी. रूलेटच्या लाल-काळ्यावर सलग सात हरण्याची शक्यता शंभरातून एकदाच्या जवळपास आहे. तासाला पन्नास डाव खेळणाऱ्याला ती वेळ यायला फार शनिवार लागत नाहीत. स्क्रीनवरचे लाल-निळे गोळे, ‘आता टायगरची लाईन चालू आहे’ हा हिशोब, यावरही पैसे घालू नका. मागच्या निकालाचा पुढच्या डावावर उपयोगी पडेल एवढा परिणाम होत नाही.

आता तो अडकलेला विड्रॉल. पहिल्या डिपॉझिटवर बोनस घेतला तिथंच चूक झाली. ₹१,००० भरले, ₹१,००० बोनस, रोलओव्हर (पैसे काढण्याआधी डावात लावायचीच रक्कम) एकूण रकमेच्या २० पट, म्हणजे ₹४०,०००. अटींच्या खालच्या भागात लिहिलेलं असतं की लाईव्ह टेबलांचा डाव दहा टक्केच धरला जाईल. म्हणजे खरे लावायचे ₹४,००,०००. बँकरवरच लावले तरी कट ₹४,२४०, ड्रॅगन टायगरवर ₹१४,९२०. एक हजाराच्या बोनससाठी. बोनसची खूण आधी काढा, मग भरा. नंतर काढता येत नाही.

याहून मोठी गोष्ट बँकेची आहे. भरणा करताना दर वेळी वेगळा यूपीआय आयडी आणि अनोळखी नाव येत होतं. विड्रॉलही अशाच कुणाच्या तरी खात्यातून येतो. ते खातं सायबर तक्रारीत असेल तर तिथून आलेल्या रकमेपायी आपलं खातंही होल्डवर जातं. आणि आपलं खातं म्हणजे आधारला जोडलेलं तेच एक, ज्यात पीएम-किसानचे ₹२,००० येतात, सीसीआयला घातलेल्या कापसाचे पैसे येतात, पीक कर्ज जमा होतं. ₹१,००० च्या विड्रॉलपायी कापसाची रक्कम अडकणं परवडणारं नाही. खातं होल्ड झालंच तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कोणत्या राज्यातल्या कोणत्या सायबर ठाण्याने होल्ड लावला, तक्रार क्रमांक, आणि नेमकी रक्कम. मग त्या ठाण्याला स्टेटमेंट जोडून अर्ज. शाखेत चकरा मारून होल्ड सुटत नाही.

कायदाही बदलला आहे. ऑनलाईन गेमिंगचं विधेयक संसदेत मंजूर झालं आणि २२ ऑगस्ट २०२५ ला, नेमक्या पोळ्याच्या दिवशी, त्यावर राष्ट्रपतींची मंजुरी आली. पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ चालवणं, त्याची जाहिरात करणं, त्याचे पैसे फिरवणं, तिन्ही गुन्हे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण पैसे अडकले तर दाद मागायला समोर कुणी उरत नाही. म्हणून हा अनुभव नवीन खातं काढणाऱ्यासाठी नाही. ज्यांचं आधीच चालू आहे त्यांनी हिशोब बघून बाहेर पडावं यासाठी आहे.

बंदीनंतर व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ (खेळायचं खातं) देणारे वाढले आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. तिथं पॉइंट उधारीवर मिळतात, हिशोब सोमवारी. वाटीत दाणे कितीही मोजा, उधारीत डावाला तळच राहत नाही, आणि सोमवारी माणूस दारात येतो. सोयाबीन घरात यायच्या आत ते विकायला लावणारी उधारी हीच. उधारी फेडायला पुन्हा डाव लावावा असं वाटू लागलं असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

बाहेर पडताना करायचं ते असं. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ तपासून मंजुरी रद्द करा. प्रत्येक भरण्याचा बारा अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) लिहून घ्या, कारण ॲप बंद पडलं की हिस्टरीही जाते. खातं बंद करण्याची मागणी चॅटवर करून तिचा स्क्रीनशॉट ठेवा. फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच तक्रार द्या, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

हे लिहीत असतानाच चॅटवर निरोप आला: विड्रॉल मोकळा करायला ‘टॅक्स’ म्हणून आधी ₹१,०२० भरा. असा निरोप तुम्हालाही येईल. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे, पण तो देणाऱ्यानेच रकमेतून कापायचा असतो, आपल्याकडून आधी भरून घ्यायचा नसतो. ₹१,०२० भरले नाहीत. ₹३,४०० वहीत तोट्याच्या रकान्यात लिहिले.